व्हाउचरशिवाय बंदी

जमाखर्च शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात एक नियम पाठ करावा लागतो : व्हाउचर नसेल तर नोंद नाही. पैसा कुणाला, कशासाठी आणि कुणाच्या सहीने दिला, हे कागदावर हवे. आपल्या देशातील पुस्तकबंदीचा इतिहास वाचताना हा नियम मला वारंवार आठवला. बंदी असावी की नसावी, यावर वक्तृत्वस्पर्धांत पुष्कळ बोलून झाले आहे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे : बंदी घालणाऱ्याने कारण लिहून द्यावे, आणि वाचकाने ते मागून घ्यावे.

इंग्रजांनी बंदीचा हिशेब उघड उघड मांडला होता. १८७८ साली लॉर्ड लिटनने केलेला कायदा फक्त देशी भाषांतील वृत्तपत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रे मोकळी होती. म्हणून कलकत्त्याची ‘अमृत बझार पत्रिका’ इंग्रजीतून निघू लागली. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना यातली मेख चटकन कळेल. तोच मजकूर इंग्रजीत निर्दोष, मराठीत किंवा कानडीत मात्र संशयास्पद! पुढे १९१० च्या कायद्याने नव्या छापखानेवाल्याकडून ५०० ते २००० रुपये अनामत मागण्याची सोय केली. सरकारला न रुचणारे काही छापले की अनामत जप्त. लिहिणारा एक, आणि पैसे बुडणार दुसऱ्याचे! मग हस्तलिखितावर लाल पेन्सिल फिरवायला सरकारी माणूस कशाला हवा? ते काम छापखानेवालाच करणार. त्याच १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर बंदी आली आणि गांधीजींचे गुजराती ‘हिंद स्वराज’ मुंबई सरकारने जप्त केले.

स्वातंत्र्य आले, तरी जप्तीचा अधिकार राहिला. फौजदारी प्रक्रिया संहितेतील जुने कलम ९९-अ हे १९७३ च्या संहितेत कलम ९५ झाले आणि जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत ९८ वे कलम म्हणून नांदत आहे. राज्य सरकार पुस्तकाच्या सर्व प्रती जप्त करू शकते. पण हुकमात कारणे नमूद करावी लागतात, आणि हितसंबंध असलेल्या कोणालाही दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. १९६१ मध्ये हरनाम दास यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा हुकूम रद्द केला, तो त्यात कारणेच दिलेली नव्हती म्हणून. व्हाउचर नाही, तर नोंद नाही!

कारणे पुढे आली म्हणजे निकाल वाचकाच्याच बाजूने लागतो, असे नाही. पी. व्ही. नारायण यांच्या ‘धर्मकारण’ या कानडी कादंबरीवरील कर्नाटक सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कायम केली. उलट जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने घातलेली बंदी २०१० मध्ये टिकली नाही. हे निकाल आपल्याला पटोत वा न पटोत; दोन्ही बाजूंची कारणे निदान कागदावर आली, आणि आज कोणालाही ती वाचून आपले मत बनवता येते.

कागदाशिवायची बंदी मात्र भयंकर असते. सलमान रश्दी यांच्या ‘द सॅटॅनिक व्हर्सेस’ची आयात ऑक्टोबर १९८८ मध्ये सीमाशुल्क कायद्याखाली बंद झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ती अधिसूचना कोणत्याही खात्याला हजर करता आली नाही. ती अस्तित्वातच नाही असे गृहीत धरण्यावाचून न्यायालयाला गत्यंतर उरले नाही. छत्तीस वर्षे बंदी पाळली गेली, आणि शेवटी कागदच सापडेना!

असे का चालते? कारण भीती दुकानदाराच्या गल्ल्यात बसलेली असते. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकल्याबद्दल मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये कायम केली. लेखक तर १९३० मध्येच वारला होता; अडकला तो विकणारा. आमच्या गावातल्या एका दुकानदाराकडे मी एकदा बंदी नसलेलेच, पण वादात सापडलेले पुस्तक मागितले. “कशाला उगीच? माझं पोट आहे या दुकानावर,” ते म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. ज्याचे भांडवल अडकलेले असते, तो धोका पत्करत नाही. म्हणून विचारण्याचे काम वाचकाचे आहे. कायद्यातला तो ‘हितसंबंध’ वाचकाचाही असतो, असे मी मानतो.

काही प्राध्यापक म्हणतील, सीमाभागात राहून असे लिहू नये. येथे एका शब्दाने दगड उठतात. मी येथेच वाढलो, मला ते ठाऊक आहे. शांततेसाठी चार दिवस एखादे पुस्तक आवरावे लागले, तर तसेच लिहावे आणि चार दिवसांनी हुकूम संपवावा. तारीख नसलेली शांतता म्हणजे निव्वळ मौन होय.

आरंभ आपल्या ग्रंथालयापासून करता येईल. एखादे पुस्तक कुलपात ठेवायचे असेल, तर नोंदवहीत त्याचे नाव, कारण, तारीख आणि सही असावी, आणि ती वही कोणत्याही विद्यार्थ्याला पाहता यावी. विद्यार्थीमित्रहो, ती वही मागायला लाजू नका. प्राध्यापकांनीही त्या मागणीला उद्धटपणा समजू नये.