पाटी कोरी करू नका!

“जी.डी. आर्ट शिकलीस, बारा वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, आणि आता कॉम्प्युटर?” सासूबाईंचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण गावात फ्लेक्स आले, ब्रशचं काम आटलं आणि घर तर चालवायचं होतं! अडतिसाव्या वर्षी एचटीएमएल, सीएसएस शिकायला बसले. क्लासमधली मुलं भाच्यांच्या वयाची. नोकरी लागली, पण पहिले सहा महिने पगार पाट्यांच्या कमाईहूनही कमी. सगळं शिक्षण वाया गेलं असं वाटून रात्री रडलेसुद्धा.

एकदा ऑफिसात एका मराठी वेबसाइटचं पान सगळ्यांनी ‘ओके’ केलं. मला मात्र वेलांट्यांचे माथे कापलेले दिसले. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलेलं. देवनागरीला वर वेलांटी-रफार, खाली उकार, जागा जास्त लागते. फिकट राखाडी अक्षरंही वाचवत नव्हती. नेहमीच्या आकाराचा मजकूर पार्श्वभूमीपासून किमान ४.५ : १ इतका उठून दिसावा, असा वेबचा डब्ल्यूसीएजी निकषच आहे. माझ्या डोळ्यांना ते मोजण्याआधीच खुपलं. हे डोळे पाट्या रंगवूनच तयार झाले होते ना!

म्हणून मैत्रिणींनो, ‘हमखास नोकरी’च्या जाहिरातींना भुलून आधी फी भरू नका. एचटीएमएल साध्या कॉम्प्युटरवर फुकटही शिकता येतं. गणिताला घाबरू नका, कष्टाची मात्र तयारी ठेवा. आणि मुलाखतीला जाताना जुनं काम लपवू नका, सोबत न्या.

टर्पेंटाइनचा वास अजून आठवतो. रविवारी रंगपेटी उघडतेच मी!