खोक्यातल्या दुधाचा कडवटपणा

मुदत संपायला अजून दोन महिने आहेत, खोकं फुगलेलं नाही, वासही ठीक आहे; तरी दूध जिभेवर कडवट लागतं. कधी तळाशी जेलीसारखा थर निघतो. ग्राहक दुकानदारावर डाफरतो, दुकानदार कंपनीकडे बोट दाखवतो. खरा गुन्हेगार मात्र केव्हाच मेलेला असतो. मागे राहतं ते त्याचं हत्यार.

हा गुन्हेगार बहुतेक वेळा स्यूडोमोनास जातीचा जिवाणू. माती, पाणी आणि कॅनच्या रबरी गास्केटची खाच ही त्याची घरं. दूध ४ अंशांवर आणलं की आंबवणारे जिवाणू गारठतात आणि याचं फावतं. मिलिलिटरमागे संख्या दहा लाखांच्या आसपास गेली की तो प्रथिनं तोडणारं विकर सोडू लागतो. ते दुधातलं केसीन हे प्रथिन कुरतडतं, आणि त्यातले काही तुकडे चवीला कडू असतात.

थंडीत चालणारी विकरं सहसा सैल बांध्याची. गारठ्यात लवचीक, पण उष्णता वाढली की मोडणारी. अंटार्क्टिकातल्या जिवाणूंच्या अशा विकरांचा विचार गार पाण्यात कपडे धुण्यासाठी होतो. स्यूडोमोनासचं विकर मात्र कॅल्शियमच्या आधाराने यूएचटीतले, म्हणजे खोक्यातल्या दुधावरच्या अतिउष्ण प्रक्रियेतले, १४० अंशांचे काही सेकंदही बऱ्याच अंशी पचवतं. जिवाणू मरतो, विकर उरतं, आणि बंद खोक्यात महिनोन्महिने निवांत काम करत राहतं.

गावोगावी बल्क कूलर आले, बरंच झालं. पण घाण दूध गार केलं तर ते गार घाण दूध होतं, एवढंच!

गायीच्या दुधाचा दर ठरतो ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ). जिवाणूंचा रकाना बहुतेक पावत्यांवर नसतोच. सड धुऊन-पुसून, पहिल्या धारा बाजूला काढणाऱ्या बाईला आणि कळकट कॅन घेऊन येणाऱ्याला भाव एकच. डेअरीतली मिथिलीन ब्ल्यूची जुनी चाचणी, म्हणजे निळा रंग किती वेळात उडतो ते पाहणं, गार दुधातल्या या मंडळींना नीट पकडत नाही. युरोपीय संघाने गायीच्या कच्च्या दुधाला मिलिलिटरमागे सरासरी एक लाख जिवाणूंची मर्यादा घातली आहे.

इथल्या दूध संघांनीही पावतीवर तिसरा रकाना छापावा आणि स्वच्छ दुधाला लिटरमागे वरचे पैसे द्यावेत. कॅन उकळत्या पाण्याने धुवायला सरपण लागतं, गास्केट बदलायला पैसे लागतात. तो खर्च सध्या ज्याचा त्यानेच सोसायचा असतो.