पाणचक्कीपाशी थांबणारी सहल

लातूर-नांदेडकडच्या महाविद्यालयांच्या सहली पाणचक्कीच्या हौदापाशी छायाचित्रे काढून परततात. ते पाणी तिथवर कसे येई, हे सहसा कुणी विचारत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी नहर बांधली. पाणचक्कीची नहर नंतरची. डोंगराकडचे भूजल निव्वळ उताराच्या बळावर गावात येई. वाटेतले बंबे हवा आणि दाब सांभाळत. या बंब्यांच्या खुणेने चालत गेले, की जमिनीखालचा प्रवाह वाचता येतो.

मदेरा बेटावर पाटांची निगा राखणाऱ्यांची पायवाट आज जगभरचे पदभ्रमंतीवाले तुडवतात; पण तिथे पाटात पाणी वाहते आहे. आपण नहरेवर घरे-रस्ते चढवले आणि उरल्यासुरल्याला ‘वारसा’ म्हणून मोकळे झालो!

आमचा खरा आक्षेप मराठीच्या वर्गावर आहे. दुष्काळाची कविता शिकवताना आपण आभाळाकडे बोट दाखवतो, जणू मराठवाड्याला पाण्याची स्मृतीच नाही. कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग समुद्र तर नांदेड जिल्ह्यातलाच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते केवळ पाऊस रुसला म्हणून? मांजरा धरण आटले होते, हे खरेच; पण याच टापूत ऊस किती पाणी पितो, हा प्रश्न रसग्रहणात का येत नाही? ‘परीक्षेत विचारत नाहीत’ हे उत्तर असेल, तर प्रश्नपत्रिका काढणारेही आपणच आहोत.