उत्स्फूर्त कशाला म्हणायचे?

स्नेहसंमेलनांचा मोसम आला की महाविद्यालयांच्या फलकांवर ‘उत्स्फूर्त वक्तृत्व स्पर्धा’ झळकू लागते. चिठ्ठी उचलायची, काही मिनिटे विचार करायचा आणि बोलायचे. स्पर्धा उत्तम आहे, मुलांना धीट करणारी आहे. नाव मात्र चुकले आहे.

उत्स्फूर्त म्हणजे आतून उसळून आलेले. कुणी सांगितले नव्हते, पण बोलल्यावाचून राहवेना म्हणून माणूस उभा राहिला, तर ते बोलणे उत्स्फूर्त. चिठ्ठीतल्या विषयावर, घड्याळ लावून बोलायचे ते आयत्या वेळचे. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ असतात, त्यांना कुणी उत्स्फूर्त विषय म्हणत नाही. शीघ्र हा शब्द वेग सांगतो. शीघ्रकवी, म्हणजेच संस्कृतातला आशुकवी, दिलेल्या विषयावर उभ्या उभ्या रचना करतो. हजरजबाबी माणसाला समोरून प्रश्न यावा लागतो. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब रंगतात ते त्याच जोरावर.

रंगमंचावर हे भेद आणखी स्पष्ट दिसतात. जुन्या तमाशात वगाचे कथानक ठरलेले असे, संवाद मात्र नट पुष्कळदा पदरचे बोलत. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ला लिखित संहिता होती, तरी दादा कोंडके तीत ताज्या घडामोडींवरच्या कोट्या पेरत आणि प्रयोग दरवेळी नवा वाटे. लिहिलेल्या संवादात अशी भर घालण्याला नाटकवाले ‘ॲडिशन घेणे’ म्हणतात. गाण्यात त्याच जातीचा पण अधिक खोल शब्द आहे, उपज. राग ठरलेला, ताल ठरलेला, बंदिशही पाठ. त्या चौकटीत गायकाला त्या क्षणी जे सुचते ती उपज. सुचते क्षणात, पण त्यामागे वर्षांचा रियाज असतो.

म्हणूनच ‘मी काही तयारी करून आलेलो नाही, उत्स्फूर्त बोलतो’ असे व्यासपीठावरून ऐकले की वाईट वाटते. विषयाचा अभ्यास नसताना अर्धा तास बोलणे याला आपल्याकडे ‘वेळ मारून नेणे’ असा नेमका वाक्प्रचार आहे. शीघ्रकवी, सोंगाड्या, गायक यांच्यापैकी कुणीही बिनतयारीचा नसतो. त्यांच्यापुढे ओळी लिहिलेल्या नसतात, एवढेच. बिनतयारीच्या भाषणाला उत्स्फूर्त म्हटले की त्यांच्या मेहनतीवर पाणी पडते आणि ऐकणाऱ्या मुलांना वाटू लागते, की अभ्यास टाळला तरच बोलणे जिवंत होते.

आयोजकांना एवढीच विनंती. यंदाच्या फलकावर ‘शीघ्र वक्तृत्व स्पर्धा’ असे लिहा आणि स्पर्धकांना आधी भरपूर वाचायला सांगा. उत्स्फूर्त हा शब्द, कुणी न सांगता जो बोलायला उठेल, त्याच्यासाठी राखून ठेवा.