चाळीचा दाखला चालणार नाही

एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी निकाल देऊन टाकला. झाम्यातिन, ऑर्वेल, ब्रॅडबरी यांच्या भयकादंबऱ्या म्हणजे खासगीपणाचे विलायती चोचले. आपण चाळीत वाढलेली माणसे, आपल्याला कुणी पाहिले म्हणून काय बिघडते? आणि ज्याच्या मनात पाप नाही त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे? टाळ्या पडल्या.

पापाचा मुद्दा एका ओळीत संपतो: या निष्पाप गृहस्थांनी आपले पासबुक सभागृहात फिरवले असते, तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

चाळीचे मात्र सविस्तर पाहू. गॅलरी सामाईक, नळ सामाईक, संडासही सामाईक. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा पोरगा नापास झाला, सगळ्यांना ठाऊक. पण सगळ्यांनाच! टेहळणी करणाऱ्या काकूंचे नाव आपल्याला माहीत होते, त्यांच्या घरची भांडणेही आपल्या कानावर येत. त्या फार बोलू लागल्या, तर आपणही त्यांच्या दोन गोष्टी काढू शकत होतो. काकू विसरतही. शिवाय पाहून न पाहिल्यासारखे करण्याची रीत होती. घरात नवे जोडपे असले की बाकीची मंडळी गॅलरीत पथाऱ्या टाकत. झाम्यातिनने १९२०-२१मध्ये लिहिलेल्या ‘वुई’मध्ये घरे काचेची आहेत आणि पडदा ओढायलाही गुलाबी कुपन लागते. ती चाळ नव्हे. तिथे नजर चुकवण्याची सभ्यता शेजाऱ्याच्या हाती उरलेली नाही, ती शासनाने ठरवून दिलेल्या वेळेपुरती आहे. आपल्या मोबाइलमधले विजेरीचे ॲप संपर्कयादी मागते, तेव्हा पलीकडे कोणत्या काकू आहेत, हे वक्ते सांगतील काय?

‘विलायती’ म्हणाल, तर खडक सिंह यांचा खटला वाचा. उत्तर प्रदेशात पोलीस रात्री-अपरात्री त्यांचे दार ठोठावत. ते न्यायालयात गेले आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या रात्रीच्या भेटी रद्द केल्या. खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणायला मात्र २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला.

या कादंबऱ्या डाव्यांविरुद्ध की उजव्यांविरुद्ध, या वादात आमच्या पिढीने वाचनालयांच्या पायऱ्या झिजवल्या. दोन्ही बाजूंना त्यात विरोधकाचा चेहरा दिसे. आपला पाहायची तसदी कुणी घेतली नाही. असो.

माझे म्हणणे थोडके आहे. या कादंबऱ्यांत पाळतीइतकेच अज्ञान मोठे आहे. ऑर्वेलच्या १९४९च्या कादंबरीत बहुसंख्य कष्टकऱ्यांच्या घरी पाळत ठेवणारा टेलिस्क्रीनच नाही. त्यांना काही कळत नाही, एवढ्यावर सत्ताधारी पक्ष निर्धास्त आहे. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये पुस्तके जाळण्याआधी लोकांनीच वाचन सोडलेले असते. तीन भिंतींवर टीव्ही असलेली मिल्ड्रेड चौथी भिंत मागते आणि घरात पुस्तके लपवणाऱ्या नवऱ्याची तक्रारही तीच करते. सरकारला फक्त बंब पाठवायचा उरतो.

आपल्याकडे २०२३च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यात संमतीची सूचना मराठीतूनही मिळण्याची तरतूद आहे. ती कुणी मागितल्याचे माझ्या कानावर आलेले नाही.