बोर मोठा, नेम खोटा

जून लागला की मला फोन यायला लागतात. टांझानियातला शिकारीचा हंगाम जुलैत सुरू होतो, आणि ह्यूस्टनला नाहीतर दुबईला राहणारा कुणी मराठी मुलगा पैसे साठवून रानरेड्याच्या शिकारीला निघालेला असतो. कुणाच्या तरी मामाकडून माझा नंबर मिळालेला असतो. इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग मूळ प्रश्न येतो : "काका, .४५८ लॉट घेऊ की .४१६ रिग्बी? की एकदम .५०५ गिब्जच घेऊन टाकू?" मी सांगतो, ".३७५ घे आणि उरलेल्या पैशांची काडतुसं घेऊन सराव कर." पलीकडे शांतता. पोराला बुलेट हवी होती आणि काकांनी स्प्लेंडर सुचवली, अशी ती शांतता असते.

मी सैन्याच्या ईएमईत, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या विभागात, बंदुका दुरुस्त करणारा आर्मरर होतो. निवृत्त झाल्यावर काही वर्षं टांझानियातल्या आरुशाला एका सफारी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली. लँड क्रूझरचे क्लच बदलायचे आणि ग्राहकांनी आणलेल्या रायफली तपासायच्या, ही दोन्ही कामं माझ्याकडे. मी स्वतः रेडा मारलेला नाही, मारायची हौसही नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ती बरोबरच झाली असं माझं मत आहे. केनियाने १९७७ मध्ये बंद केली. टांझानिया, झिंबाब्वे, नामिबिया, दक्षिण आफ्रिका इथे ती परवान्याने चालू आहे. ती असावी की नसावी यावर भांडणारे पुष्कळ आहेत, त्यांना भांडू द्या. ती चालू आहे तोवर चुकीच्या बंदुकीची किंमत कोण मोजतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आफ्रिकी रानरेड्याचा नर सहाशे ते आठशे किलोंचा असतो. त्याचं काळीज छातीत बरंच खाली, पुढच्या पायांच्या बेचक्यात असतं. गोळी तिथे किंवा फुप्फुसात बसली तर जनावर थोडं पळून पडतं. वीतभर मागे गेली तर पोटात जाते. मग रेडा दाट झुडपात शिरतो आणि थांबतो. जखमी जनावर सोडून यायचं नाही हा तिथला दंडक आहे, म्हणून माणसांना त्याच्या मागे आत जावं लागतं. सर्वांत पुढे माग काढणारा. त्याची नजर जमिनीवर, वाकलेल्या गवतावर, रक्ताच्या थेंबावर. हातात फार तर काठी. त्याच्या मागे व्यावसायिक शिकारी, त्याच्या मागे सरकारचा गेम स्काउट. ज्याने गोळी चुकवली तो ग्राहक सगळ्यांत मागे, किंवा गाडीत बसून पाण्याची बाटली उघडत असतो. हौस एकाची, आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर.

आता गोळी वीतभर मागे का जाते? नव्वद टक्के लोक म्हणतील नेम चुकला. मी म्हणतो, माणूस बंदुकीला भ्यायला.

एक दंतवैद्य गृहस्थ आले होते. खास घडवून घेतलेली .४५८ लॉट, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, त्यावर नक्षी. कॅम्पवर पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला पन्नास मीटरवर कागदावर गोळ्या झाडून दाखवाव्या लागतात. यांची एक गोळी कागदाच्या कडेला लागली, दोन खाली मातीत गेल्या. म्हणाले, विमानात दुर्बीण हलली असणार. दुर्बिणीचे स्क्रू मी तपासले, घट्ट होते. रायफल हातात घेतली, त्यांच्याकडे पाठ केली, मॅगझिनमधलं एक काडतूस काढून त्याजागी डमी सरकवलं आणि परत दिली. त्यांनी काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवली, नेम धरला, चाप ओढला. खट्. बार झालाच नाही, पण नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं, खांदा पुढे आला आणि डोळे गच्च मिटले. बाभळीखाली माग काढणारी मंडळी बसली होती. त्यांतल्या सर्वांत वयस्क माणसाला सगळे आदराने म्झे म्हणत. त्याने हे पाहिलं, शेजाऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा आपला पांगा, म्हणजे कोयता, घासायला लागला. उद्या पुढे कोण चालणार आहे ते त्याला ठाऊक होतं.

मी त्यांना कॅम्पची जुनी .३७५ दिली. दस्ता तडकलेला, एपॉक्सीने जोडलेला, निळाई उडालेली. अंधार पडायच्या आत त्यांच्या तीन गोळ्या तळहाताखाली झाकतील एवढ्या जागेत लागायला लागल्या. माणूस तोच, डोळे तेच.

.३०-०६ रायफल चालवलेले लोक आपल्याकडेही आहेत. .३७५ चा धक्का साधारण तिच्या दुप्पट. तो सवयीने पचतो. .४५८ लॉटचा तिपटीहून जास्त. तोही पचवणारे असतात, पण ते वर्षभर ती बंदूक चालवतात. वर्षातून एकदा पेटीतून काढणाऱ्याचा खांदा आधीच हिशेब करून ठेवतो आणि बार व्हायच्या आधीच आकसतो. त्याला स्वतःला ते कळतही नाही, कारण बार झाल्यावर सगळंच हलतं.

.३७५ हॉलंड अँड हॉलंड १९१२ ची. ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपासची गोळी सेकंदाला साधारण साडेसातशे मीटरने जाते. गोळी चांगल्या बांधणीची असेल, आत गेल्यावर फुटून विखुरणारी नसेल, तर रेड्याला ती पुरते. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान मर्यादा म्हणून हीच किंवा हिच्या तोडीची रायफल धरली जाते. लोक ही मर्यादा वाचतात आणि त्यांना वाटतं, किमान म्हणजे कमीपणाची.

मग व्यावसायिक शिकारी स्वतः .४१६ नाहीतर .४७० का बाळगतात, असा उलट प्रश्न हमखास येतो. त्यांचं काम वेगळं आहे. ग्राहकाने निवांत उभ्या जनावरावर, पूर्ण वेळ घेऊन, एक गोळी जागेवर घालायची असते. शिकाऱ्याला झुडपातून दहा पावलांवर अंगावर येणारा रेडा तिथेच थांबवायचा असतो. त्याला मोठं काडतूस लागतं, आणि त्याच्या हाताला त्याची सवय असते.

फोनवर मी उलटा प्रश्न विचारतो : बोल्ट कुठला आहे? बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझरने १८९८ मध्ये जी यंत्रणा पक्की केली, तिच्या बोल्टच्या बाजूला स्प्रिंगच्या पोलादाची एक लांब पट्टी असते आणि पट्टीच्या टोकाला आकडा. मॅगझिनमधून काडतूस वर आलं की त्याच्या बुडाची कड सरकत त्या आकड्यात अडकते. तिथून ते नळीत जाऊन, बार होऊन, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाईपर्यंत आकडा ते सोडत नाही. दुसऱ्या, स्वस्तात बनणाऱ्या प्रकारात बोल्ट काडतुसाला नुसतं पुढे ढकलतो. बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच त्याची पकड बसते.

मैदानावर दोन्ही सारख्याच चालतात. घाबरलेल्या माणसाच्या हातात फरक कळतो. घाईत त्याने काडतूस नळीत ढकललं, पण बोल्ट पूर्ण बंद करायच्या आत पुन्हा मागे ओढला, तर दुसऱ्या प्रकारात ते काडतूस नळीतच राहतं आणि मागून दुसरं येऊन त्याच्यावर अडकतं. मग हातात लोखंडाची काठी उरते. माउझरच्या पद्धतीत पहिलं काडतूस बोल्टबरोबर मागे येऊन बाहेर पडतं आणि वाट मोकळी राहते. विंचेस्टरने खर्च वाचवायला १९६४ मध्ये आपल्या मॉडेल ७० मधून हा आकडा काढला. गिऱ्हाइकांनी इतका आरडाओरडा केला की १९६४ आधीच्या जुन्या रायफलींचे भाव चढले, आणि १९९० च्या दशकात कंपनीने ती पद्धत परत आणली.

वर्कशॉपमध्ये माझी परीक्षा सोपी असे. मॅगझिन डमीने भरायचं, रायफल उलटी धरायची आणि बोल्ट झटक्यात चालवायचा, सगळी बाहेर आली पाहिजेत. मग मॅगझिनच्या तळाच्या झाकणाची खिट्टी बघायची. मोठ्या बोरच्या धक्क्याने ती उघडून सगळी काडतुसं बुटांवर पडलेली मी पाहिली आहेत. मग बोल्टच्या मागे दस्त्याला बारीक चीर आहे का, ते नखाने चाचपायचं. महागातली महाग रायफल इथे नापास होताना पाहिली आणि चेक प्रजासत्ताकात बनलेली सीझेड ५५०, जी दिसायला ओबडधोबड, ती जवळजवळ दर वेळी पास झाली. अर्थात नक्षी पाहून दिपणाऱ्याला हे सांगून उपयोग नसतो.

मोठ्या बोरवाले जॅक लॉटचं नाव घेतात, म्हणून तेही बघू. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये रेड्याने त्याला जखमी केलं. त्याच्या हातात .४५८ विंचेस्टर मॅग्नम होती, जी १९५६ मध्ये आली होती. त्यानंतर त्याने १९७१ मध्ये .४५८ लॉट हे लांब काडतूस तयार केलं. लक्षात घ्या, दोन्हींचा बोर एकच आहे. विंचेस्टरने आपलं काडतूस नेहमीच्या लांबीच्या यंत्रणेत बसावं म्हणून पुंगळी आखूड ठेवली होती. त्यात दारू ठासून भरावी लागे. सुरुवातीच्या काळात ती दारू दबून गठ्ठा होई, नीट जळत नसे आणि गोळीचा वेग पडे. दोष पुंगळीच्या लांबीत होता. त्यातून लोकांनी "लॉट म्हणजे ताकद" एवढाच अर्थ उचलला.

.४१६ रिग्बीचंही तसंच. १९११ सालचं हे काडतूस इतकं जाडजूड दिसतं की पाहणारा ताकदीनेच भारावतो. त्या काळी कॉर्डाइट नावाची दारू वापरत, आणि उन्हात तापली की तिचा दाब वाढे. दाब वाढला की पुंगळी नळीत फुगून बसते, बाहेर निघत नाही. रिग्बी कंपनीने पुंगळी मोठी केली, म्हणजे आतला दाब मुळातच कमी राहील. उन्हाळ्यात बोल्ट उघडला पाहिजे, हा त्यामागचा हिशेब होता.

बोरच्या या आकड्यांच्या बाजाराशी आपलाही जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० बोर सर्वांत चालता होता. १९०७ च्या सुमारास इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये त्यावर बंदी घातली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफलींचा बोरही तोच आणि दारूगोळा बंडखोरांच्या हाती पडेल ही भीती. मग लंडनच्या बंदूकवाल्यांनी कायद्यातून वाट काढत .४६५, .४७०, .४७५ अशी रांग लावली. रेड्याला किंवा हत्तीला त्यातला फरक कधी कळला नाही. आजही मुलं रात्ररात्र जागून इंचाच्या ज्या पाच-दहा सहस्रांशांवर हुज्जत घालतात, ते असे सरकारी हुकमातून जन्मलेले आहेत.

बेलचं नावही कुणीतरी काढतंच. डब्ल्यू. डी. एम. बेल याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेचसे .२७५ रिग्बीने, म्हणजे माउझरच्या ७ मिलिमीटर काडतुसाने. त्याचं कौतुक मला नाही, हजार हत्ती हा आकडाच अंगावर येतो. शिवाय आज तेवढ्या बोरने हत्ती मारायला कुठेच परवानगी मिळणार नाही आणि मिळूही नये. पण कवटीत मेंदू कुठे आहे ते त्याने अभ्यासलं होतं आणि बंदुकीला तो भीत नव्हता, एवढं मात्र खरं.

आपल्याकडेही हेच : विदर्भात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, वाघाला मारायचा आदेश निघतो, आणि स्टुडिओत बसलेले लोक रायफलच्या बोरवर बोलू लागतात. तिथेही मला वेगळंच विचारावंसं वाटतं : ही रायफल शेवटची कधी झाडली होती, कुणी, कुठल्या कागदावर? आणि वनरक्षकांपैकी पुढे कोण चालणार आहे?

टांझानियातल्या कंपन्यांना माझं एकच सांगणं आहे, आणि ते मी तिथे असतानाही सांगत होतो. पहिल्या संध्याकाळच्या तीन गोळ्या करारात लिहा. पन्नास मीटरवर, तिकाटण्यावरून, तळहाताएवढ्या जागेत. जो नापास होईल त्याची रायफल पेटीत बंद करून त्याला कॅम्पची .३७५ द्या. तिनेही जमलं नाही तर त्याने हंगामभर कॅमेरा घेऊन फिरावं. परवान्याचे पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्याच करारात आधीच लिहून सही घ्या.