फुली नेमकी कशावर मारायची?



तंबाखूमुक्त शाळेची पोस्टर्स आपण सगळेच मुलांकडून करून घेतो. मुलं सिगारेट काढतात, पुडी काढतात आणि शेजारी विड्याचं हिरवंगार पान काढून त्यावरही लाल फुली मारतात. माझ्या मते इथेच आपलं शिकवणं कमी पडतं.

नागवेल आणि काळी मिरी या एकाच ‘पायपर’ प्रजातीतल्या वेली. नागवेलीचे वाणही किती! महाराष्ट्रात जास्त लागवड कपुरीची. पान पिवळसर हिरवं, फार तिखट नाही. कलकत्ता पान मोठं, गडद आणि तिखट. बिहारचं मघई पान कोवळं, तोंडात विरघळणारं. त्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्याकडे मिरज तालुक्यात शेवरी-शेवग्याच्या आधाराने पानमळे उभे असतात. पण राहात्याच्या पेरूबागा पाहिलेल्या शिर्डीच्या मुलांना पान दिसतं ते टपरीवर, नाहीतर पूजेच्या ताटात.

आता गुटख्याची पुडी पाहा. त्यात सुपारी, कात, चुना आणि तंबाखू असते, पान नसतंच! गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण गोड सुपारीचं काय? लग्नात आपणच ती मुलांच्या हातावर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच स्पष्ट केलं, की तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. सतत सुपारी चघळल्याने तोंड उघडणंही अवघड होतं. मुलं फुली मारतात पानावर आणि सुपारी सुटते.

काहीजण म्हणतील, ‘सर, पान शिकवलं तर मुलं खायला लागतील.’ पान खा असं मी मुळीच म्हणत नाही. पण टपरी मुलांना रोज दिसतेच. मग विड्यातला प्रत्येक जिन्नस वेगळा करून सांगितलेला बरा: हे पान, ही सुपारी, हा चुना, हा कात, ही तंबाखू. यातलं काय कुठून येतं आणि शरीराला काय करतं?

परिसर अभ्यासासाठी तीन-चार पेऱ्यांची कांडी कुंडीत लावून बघा. आपल्याकडचं ऊन कडक, म्हणून कुंडी सावलीत ठेवा, माती ओलसर राहू द्या. पेऱ्याला मुळं फुटलेली मुलांना स्वतः बघू द्या.

आणि पुढच्या पोस्टरवर लाल फुली सुपारीवरही येऊ द्या.